कागदाची खळ

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा जुना मोडी कागद हाती घेऊन पाहावा. शाई फुटलेली नसते, अक्षरांच्या कडा रेखीव असतात. त्याचे श्रेय लिहिणाऱ्याच्या बोरूइतकेच खळीलाही आहे. जुन्नरचे किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कारागीर वाळलेल्या तावावर पिष्टाची पातळ खळ चढवीत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटीत. कागद म्हणजे अखेर वनस्पतींच्या तंतूंची जाळी. तंतूंना पाण्याची ओढ असते, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या दिव्याच्या वातीप्रमाणे द्रव शोषून घेतात. खळ त्या पोकळ्या बुजवते.

कागदात अन्न बांधू लागल्यावर हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. शाईच्या जागी दूध, तेल आणि रस्सा आला, एवढाच फरक. अमेरिकेतील टोलेडोच्या जॉन व्हॅन वर्मर यांनी 1915 साली कागदी दुधपेटीचे पेटंट घेतले. अशा पेट्यांना मेणाचा लेप देत. पण मेण तडकते. 1933 साली इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मेणाची जागा त्याच्या पातळ थराने घेतली. चहाचा ‘कागदी’ पेला आपण विश्वासाने हाती घेतो, त्याच्या आतून बहुधा हाच थर असतो. तो तंतूंपासून सुटा करणे सामान्य लगदा-गिरणीला जमत नाही. तेलासाठी तर फ्लोरिनची अशी संयुगे वापरली गेली, की जी माती-पाण्यात विघटनाला दाद देत नाहीत. डेन्मार्कने 2020 साली अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांना बंदी केली.

मग संशोधकांची दृष्टी पुन्हा खळीकडे वळली: पिष्ट, दुधातील केसीन, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान. हे शेवटचे द्रव्य 1859 पासून ठाऊक आहे. सौम्य आम्लात ते विरघळते. कागदावर पसरून वाळवले की त्याचा पारदर्शक पापुद्रा धरतो. त्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट बिलगतात, की तेलाला सहसा वाट मिळत नाही. पाणी मात्र या रेणूंनाही प्रिय! दमट हवेत पापुद्रा फुगतो आणि त्याची घट्ट वीण सैल पडते. म्हणून त्यात मधमाश्यांचे मेण मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत.

दफ्तर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींचे या खळीशी जुने वैर आहे. कसर तिच्यावर ताव मारते आणि तिच्याबरोबर कागदही जातो. पण जो पुडा तासाभरात रिकामा व्हायचा, त्याचा लेप किडामुंगीने आणि जंतूंनी खावा हीच तर अपेक्षा. एकाच द्रव्याचा तिथला दोष इथे गुण ठरतो.

ओल्या पदार्थांसाठी निराळे द्रव्य पुढे आले आहे. 1926 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेम्वान्य यांना काही जंतूंच्या शरीरात एक बहुवारिक आढळले. आपण चरबी साठवतो तसे ते जंतू हे द्रव्य साठवतात. ते पाण्याला दाद देत नाही, आणि मातीतले जंतू मात्र ते पचवतात. अडचण किमतीची आहे. पॉलिथिनच्या मानाने ते अद्याप महाग पडते, आणि भेळेचा पुडा बांधणाऱ्याचा हिशेब पैशापैशाचा असतो.