फ्रँकोच्या फौजेतले मुसलमान

स्पेनची यादवी १७ जुलै १९३६ रोजी पेटली ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, स्पेनच्या ताब्यातल्या मेलिया शहरात. तिथल्या लष्कराने माद्रिदच्या सरकारविरुद्ध बंड केले. बंडवाल्यांची सर्वांत कसलेली फौज हीच होती, आणि तिच्यात मोरोक्कोचे हजारो मुसलमान शिपाई होते. हे युद्ध एकदा त्यांच्या बाजूनेही पाहावे, म्हणून लिहितो आहे.

भांडण मुळात स्पॅनिशांच्या घरचे. १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने जमिनीच्या फेरवाटपाला हात घातला, चर्चचे अधिकार छाटले, फौजेतली अधिकाऱ्यांची खोगीरभरती कमी केली. जमीनदार, धर्मगुरू, सेनापती, सगळेच दुखावले. भूमिहीन मजुरांना मात्र सुधारणा फार सावकाश वाटत होत्या. १९३४ मध्ये आस्तुरियासच्या खाणकामगारांनी उठाव केला, तेव्हा तो मोडायला मोरोक्कन पलटणी आणल्या गेल्या. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्यांची आघाडी जिंकली आणि सेनापतींचा कट शिजू लागला.

बंड झाले, पण नौदलाच्या खलाशांनी आपल्या अधिकाऱ्यांना जुमानले नाही. समुद्राची वाट अडली. तेव्हा हिटलर आणि मुसोलिनी यांनी विमाने दिली आणि फ्रँकोचे शिपाई तेतुआनहून सेव्हियाला उतरले. १४ ऑगस्टला बादाहोस पडले. तिथे कैद्यांची कत्तल झाली. सप्टेंबरअखेर तोलेदो घेतले. नोव्हेंबरात फौज माद्रिदच्या वेशीवर होती. माद्रिद मात्र हटले नाही, आणि युद्ध एप्रिल १९३९ पर्यंत लांबले.

दहाच वर्षांपूर्वी अब्दुल करीम खत्ताबी यांचे रिफमधले प्रजासत्ताक मोडले गेले होते. त्या लढाईत स्पेनने विषारी वायूचे बॉम्ब टाकले होते. मग त्याच डोंगरातली पोरे स्पेनच्या सेनापतीसाठी का लढली? पहिले उत्तर पोटाचे आहे. गावात दुष्काळ होता. भरती झाल्यावर पगार आणि घरी धान्य मिळत होते. दुसरे उत्तर मजहबचे. पलीकडचे लोक देवच मानत नाहीत, असे त्यांना सांगितले गेले. १९३७ मध्ये फ्रँकोने हाजींसाठी जहाजाचीही सोय केली. तिकडे काही बिशप याच लढाईला ‘क्रुसेड’ म्हणत होते. मुसलमानाच्या खांद्यावर बंदूक ठेवून क्रुसेड!

प्रजासत्ताकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मोरोक्कोचे राष्ट्रवादी स्वायत्ततेची मागणी घेऊन आले, तेव्हा फ्रान्स नाराज होईल म्हणून सरकारने ती मान्य केली नाही. त्यांच्या प्रचारात मोरोक्कन शिपाई रानटी म्हणूनच रंगवला गेला. शेजाऱ्याला गुलाम ठेवून आपली लोकशाही वाचवता येत नाही, हे त्यांना उमगले नाही.

शिपायांनी केलेले अत्याचार खरे आहेत. त्यांच्यावर पांघरूण घालू नये. पण युद्ध जिंकल्यावर फ्रँकोने मोरोक्कोला स्वातंत्र्य दिले नाही. ते यायला १९५६ उजाडले. दीनच्या नावाने कुणी हाक मारली, तर तो काल आपल्या घरावर काय टाकत होता, हे आधी आठवावे.