दुसऱ्या ठोक्यावर टाळी

सुरतेत, लिंबायतच्या पॉवरलूमच्या खात्याबाहेर तुम्ही उभे आहात. रात्रपाळी सुटायला अजून वेळ आहे. आत धोटा डावीकडून उजवीकडे पळतो, फणी ठोकते, धोटा परत येतो. धुळ्या-नंदुरबारहून आलेल्या माणसांना हा आवाज ऐकूच येत नाही, इतका तो अंगवळणी पडलाय. तुमचा पाय मात्र आपोआप हलतो. चारपर्यंत मोजा. आपली टाळी समेची, पहिल्या मात्रेवर पडायला शिकलेली. ती जरा आवरा आणि दोनवर द्या, मग चारवर. अवघड जातं ना? रॉक अँड रोलचं सगळं बिऱ्हाड या दोन ठोक्यांवर उभं आहे.

ठोके मोजतच स्टेशनाकडे चाला. पहाट आहे. चौकातल्या रिक्षा विरळ होतात, टांगे वाढतात, आणि स्टेशनासमोरच्या हॉटेलात शिरेपर्यंत 1959 साल लागलेलं असतं. फळीवरच्या रेडिओवर किशोरकुमार गातोय: 'आशा' चित्रपटातलं, शब्दांना अर्थच नसलेलं ते गाणं. चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, साल 1957. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार करणारे मंत्री बाळकृष्ण केसकर मराठी, आणि हिंदी सिनेमात रॉक अँड रोल आणणाराही मराठीच. आपल्या घरातली भांडणं अशी देशभर गाजतात.

फ्लाइंग राणी सुटते. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जाते, ती चोळेपर्यंत बलसार, म्हणजे आजचं वलसाड, येतं. हे गाव अजून सुरत जिल्ह्यातच आहे, आणि सुरत, मुंबई, पाचगणी सगळं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात. इथल्या एका पारशी घराण्याने गावाचंच आडनाव लावलंय: बलसारा. त्यातले बोमी बलसारा झांझिबारला सरकारी कॅशियर आहेत. त्यांनी मुलाला 1955 मध्ये, आठव्या वर्षी, जहाजाने इकडे शिकायला धाडलं. त्यालाच भेटायला तुम्ही निघालात.

मुंबई, पुणे, मग एस.टी. पसरणीच्या घाटात पोटात ढवळतं. पाचगणीत उतरलात की सिल्व्हर ओकच्या रांगांतून धुकं खाली येत असतं. सेंट पीटर्स शाळेच्या सभागृहात मागच्या बाकावर जागा धरा. गाणारा आहे ब्रूस मरे. गिटारवर डेरिक ब्रँच, ड्रमवर नेपाळचा व्हिक्टरी राणा. फरंग इराणीचा बास बघाच: चहाच्या रिकाम्या खोक्यात काठी रोवलेली, काठीला एकच दोरी. काठी मागे ओढली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. बँडचं नाव 'द हेक्टिक्स'. फारुख बलसारा गात नाही, कोपऱ्यात पियानोवर आहे. पुढच्या दातांमुळे पोरं त्याला 'बकी' म्हणतात, म्हणून हसताना तो ओठ मिटून घेतो. पण रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं बोटांतून काढतो. लिटल रिचर्ड होतो, फॅट्स डोमिनो होतो, मग क्लिफ रिचर्ड. हा क्लिफ मूळचा लखनौचा, पण या पोरांच्या लेखी साक्षात विलायत. शेजारच्या किमिन्स शाळेच्या मुली किंचाळतात, शिक्षक भुवया चढवतात. आणि टाळ्या? चक्क दोनवर आणि चारवर.

या पोरांना कुणीतरी सांगायला हवं की ते ज्याची नक्कल करताहेत ते संगीत अमेरिकेत जवळपास संपलंय. एल्विस लष्करात, जर्मनीत. लिटल रिचर्ड 1957 मध्येच देवाच्या मार्गाला लागलाय. जेरी ली लुईसने नात्यातल्याच तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि लोकांनी त्याला वाळीत टाकलं. बडी हॉली 3 फेब्रुवारीला विमान अपघातात गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पण सांगू नका. मूळ गवई गप्प झाले तेव्हा ते संगीत दूरदूरच्या अशाच हौशी पोरांनी उचललं. लिव्हरपूलमध्येही अशीच चार टाळकी चहाच्या खोक्यांवर शिकत होती. नक्कल नीट जमली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला तरी वाटतं.

सभागृहाचं दार ढकला. बाहेर जानेवारी 1968 आणि मुंबईच्या फोर्टातला एचएमव्हीचा स्टुडिओ. लिव्हरपूलच्या त्या चौघांतला जॉर्ज हॅरिसन मांडी घालून बसलाय, आसपास शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. खालच्या रस्त्यावरचा टॅक्सीचा भोंगा थेट ध्वनिमुद्रणात शिरतो. याच खोलीत वाजलेल्या साथीवर बीटल्सचं 'द इनर लाइट' उभं राहिलं. दहा वर्षांपूर्वी जे संगीत तीन कॉर्ड्सवर नाचत होतं, ते आता थांबून ऐकायला लागलंय. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांटही मुंबईच्याच वादकांना घेऊन बसतील. तिथे फार रेंगाळू नका.

1975, इंग्लंड. झांझिबारमधल्या 1964 च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इथे आलं. बकीचा आता फ्रेडी मर्क्युरी झालाय. दात तसेच आहेत, ओठ मात्र मिटत नाही. तो आणि त्याच्या बँडमधले ब्रायन मे, रॉजर टेलर असे तिघेच आवाजावर आवाज चढवत अख्खा ऑपेराचा घोळका उभा करतात. 'बोहेमियन रॅप्सडी' 5 मिनिटं 55 सेकंदांची आहे. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं जाणकार म्हणतात. ते नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहतं. दोन वर्षांनी ब्रायन मे उलट टोकाला जातो: ड्रम नाही, बास नाही. जुन्या फळ्यांवर पाय दोनदा आपटायचे आणि टाळी द्यायची. झालं 'वी विल रॉक यू'.

आता परतीची गाडी पकडा. डिसेंबर 1979 सरत आलाय, फ्लाइंग राणीला नुकतेच दुमजली डबे लागलेत. तुम्ही वरच्या मजल्यावर. खाली रोजच्या प्रवाशांचं भजन रंगलंय, टाळ समेवर पडताहेत. समोरच्या बाकावर कारकुनी शर्टातला एक पोरगा मांडीवर रिकामा जेवणाचा डबा घेऊन बसलाय. मूठ दोनदा डब्यावर, मग टाळी. धप धप टाळी. शेजारचे काका पेपर खाली घेऊन त्याच्याकडे बघतात.

"ए भाऊ, डोकं उठलं. वलसाड आलं की उतरणार ना तू?"

"हो काका," तो म्हणतो आणि वाजवतच राहतो.