राणी कॅथरीन व मुंबईचें ‘आंदण’

मुंबई बेट पोर्तुगीजांनीं राजकन्येच्या लग्नांत इंग्रजांस आंदण दिलें, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. मूळ तह कलमवार वाचल्यास या समजुतीस मुरड घालावी लागते, असें आम्हांस वाटतें.

पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याची कन्या कॅथरीन (जन्म १६३८) हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसशीं विवाह ठरविणारा तह २३ जून १६६१ रोजीं झाला. त्यांत वीस लक्ष क्रुझादोंचा हुंडा निराळ्या कलमांत आहे. मुंबई ११ व्या कलमांत येते. आणि वलंदेजांपासून पोर्तुगीज प्रजेचें रक्षण इंग्रजांस करतां यावें, हा हेतु तेथें स्पष्ट नमूद आहे. म्हणजे हें निव्वळ आंदण नव्हे, संरक्षणाचा मोबदला होय. तथापि १६६३ मध्यें वलंदेजांनीं कोची घेतलीच.

गोव्याच्या विजरईनें ताबा देण्यास टाळाटाळ केली. सर अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहतां पाहतां १६६४ मध्यें वारला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्यें हंफ्री कुक यानें ताबा घेतला. १६६८ मध्यें चार्लसनें बेट सालीना दहा पौंड खंडानें कंपनीस दिलें.

राणीनें मुंबई कधींच पाहिली नाहीं. १६८५ मध्यें ती विधवा झाली, पुढें मायदेशीं परतली व १७०५ मध्यें तेथेंच वारली. संग्राहकांनीं रूढ वाक्य उतरून घेण्यापूर्वीं मूळ कलम पाहावें, इतकीच आमची विनंति.