जवाच्या हिशेबावर काराकोरम

सन १८९२. ऑगस्ट सरत आलाय आणि तुम्ही लेहच्या बाजारात उभे आहात. होशियारपूरचे व्यापारी, काश्मिरी, यारकंदी, लडाखी सगळेच घाईत आहेत. बर्फ पडायच्या आत काराकोरमच्या डोंगररांगेपलीकडचं यारकंद गाठायचं आहे. तुमच्या वाट्याला ठेंगणं, रुंद छातीचं तट्टू आलंय. मालाच्या घोड्यांवर पालाणं कसली जाताहेत. पालाणाखाली जाड नमदा, दोन्ही अंगांना सुती कापडाच्या, मसाल्यांच्या, पोवळ्यांच्या गोण्या. काफिल्याचा म्होरक्या कारवांबाशी गोण्या नजरेनंच तोलतो. जवाची पोती मात्र हात लावून मोजतो.

पनामिक सोडलं की दाणा विकत मिळणार नाही, आणि काराकोरमच्या दोन्ही बाजूंना कित्येक मुक्कामांवर गवत उगवतच नाही. घोड्याचं खाणंही घोड्यानंच वाहायचं. जव वाढवला तर माल कमी न्यावा लागतो, आणि नफा मालात आहे. व्यापारी दोन पोती खाली उतरवायला लावतो. कारवांबाशी काही बोलत नाही.

खारदुंग ला या खिंडीतल्या बर्फावर माल याकांच्या पाठीवर चढतो. तुम्ही लगाम धरून पायी चालता. पलीकडे नुब्रा खोरं, जर्दाळूची झाडं, पनामिकचे गरम झरे. इथं अंघोळ उरकून घ्या.

खरी परीक्षा ससेर लाची. हिमनदीवर घोड्यांचे नाल सरकतात, खूर सोलतात. इथूनच वाटेच्या कडेला हाडं दिसू लागतात: कवट्या, बरगड्या, कुठं अजून कातडं चिकटलेलं. सगळी घोड्यांची. धुकं उतरलं की काफिला याच हाडांच्या मागानं पुढं जातो.

श्योक नदी सकाळी लवकर ओलांडायची, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी फुगतं. आयाळ घट्ट धरा, नजर समोरच्या काठावर ठेवा. पाण्याकडं पाहिलंत तर भोवळ येईल.

मुर्गोच्या मुक्कामी तुमचं डोकं ठणकू लागतं. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का १८७४च्या जूनमध्ये इथंच वारला. बरोबरची माणसं म्हणतात, डोकं ठणकतं ते चढावरच्या विषारी झुडपांच्या वासानं. हवा विरळ आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तरी इलाज तुमच्याकडंही नाही. हळू चाला, पाणी प्या.

देपसांगचं पठार पाच हजार मीटरच्या वर, सपाट आणि उघडंबोडकं. वारा थांबत नाही. बुर्त्सा नावाच्या खुरट्या झुडपाची मुळं खणून चूल पेटते. संध्याकाळी घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधले जातात, पण आता त्यात मूठमूठच जव आहे. लेहला उतरवलेली ती दोन पोती सगळ्यांनाच आठवतात. सकाळी एक घोडी बसते ती उठत नाही. तिच्यावरचा माल दुसऱ्या दोघांवर वाटला जातो, तिचा तोबरा तिसऱ्याच्या तोंडाला लागतो आणि काफिला निघतो. तिची मोहरकीसुद्धा कोणी मागं ठेवत नाही.

दौलत बेग ओल्डीच्या मुक्कामाच्या आसपास समोरून यारकंदी हज यात्रेकरू येताना दिसतात. लेह, श्रीनगर करत ते मुंबईला जाणार आणि तिथून जेद्द्याचं जहाज धरणार. मुंबई किती लांब, असं ते विचारतात. काय सांगाल?

काराकोरम खिंड ५,५४० मीटरवर आहे, तरी चढ मात्र सौम्य. ना हिमनदी, ना कडा. माथ्याजवळ अँड्र्यू डॅलग्लिश या स्कॉटिश व्यापाऱ्याचं स्मारक आहे. १८८८मध्ये त्याचा इथं खून झाला. खुन्याच्या मागावर निघालेल्या हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १८९०मध्ये कुचा इथं भूर्जपत्रावरचं संस्कृत हस्तलिखित मिळालं. लसणाचे औषधी गुण सांगणारी ती ‘बॉवर पोथी’ आयुर्वेदाच्या अभ्यासकांना आजही लागते.

पुढं सुगेत आणि सांजू या आणखी दोन खिंडी ओलांडल्या की यारकंद. तिथं कापड विकलं जाईल, परतीला नमदे, रेशीम आणि चरस भरला जाईल. चरसाचा व्यापार या काळात कायदेशीर आहे आणि सरकारला त्यातून महसूलही मिळतो. उरलेल्या घोड्यांना मात्र आधी पोटभर चारा लागेल.

ही वाट बर्फानं किंवा उपासमारीनं कधी कायमची बंद पडली नाही. ती बंद केली सीमांनी, १९४९च्या सुमारास. आज देपसांगवर लष्कराची वाहनं धावतात आणि दौलत बेग ओल्डीला धावपट्टी आहे. पनामिकपर्यंत तुम्ही गाडीनं जाऊ शकता. लेहला गेलात तर काफिले जिथं उतरत त्या त्सास सोमा बागेतलं मध्य आशियाई संग्रहालय चुकवू नका. तिथल्या वस्तू पाहताना एवढं ध्यानात असू द्या, की या व्यापारातला नफा माणसांनी मोजला आणि तोटा घोड्यांनी सोसला.