धुण्यात गेलेली चांदी

१/ सन २००८. अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट विद्यापीठात ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ या दोन संशोधकांनी बाजारातून सहा प्रकारचे मोजे आणले. पायांना वास येऊ नये म्हणून चांदी वापरलेले मोजे असा त्यांचा लौकिक होता. संशोधकांनी ते शुद्ध पाण्यात घालून नुसते हलवले; साबणाचा थेंबही वापरला नाही. काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली. काहींनी मात्र ती फारशी सोडली नाही.

२/ हा फरक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील जीवाणू त्यातील द्रव्ये फोडतात, तेव्हा दुर्गंध उपजतो. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य स्त्रिया झग्याच्या काखेत रबर आणि कापडाचे वेगळे अस्तर टाचत. उंची झगा धुता येत नसे, अस्तर तेवढे काढून घेता येई. उपाय दिसायला ओबडधोबड, पण नंतरच्या अनेक उपायांपेक्षा प्रामाणिक!

३/ १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी बेंझाल्कोनियम क्लोराइडचे जंतुनाशक गुण जगापुढे मांडले. या क्वाटर्नरी अमोनियम कुळातील संयुगे कापडावरही लावता येतात. अडचण येते ती धुताना. या संयुगांवर धन विद्युतभार असतो, साबणाच्या रेणूवर ऋण. दोघे एकमेकांना चिकटतात आणि जंतुनाशकाचा जोर संपतो.

४/ १९७० च्या दशकात डाऊ कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने त्यावर तोड काढली. त्याच कुळातील रेणूला सिलिकॉनयुक्त दुवा जोडला, म्हणजे रेणू धाग्याला रासायनिक बंधाने धरून राहतो. धुण्यात तो सहजी सुटत नाही. पण जागचा हलत नसल्यामुळे त्याला स्पर्श होईल तोच जीवाणू मरतो, आणि त्यावर मळाचा थर बसला की तोही वाचतो.

५/ चांदीची रीत नेमकी उलटी. ओलाव्यात तिच्यापासून आयन सुटतात आणि ते जीवाणूंना मारतात. झिरपणे हेच तिचे काम! भरभर झिरपली तर परिणाम चोख, आयुष्य अल्प. घट्ट बसली तर आयुष्य मोठे, परिणाम मंद. चांदी धाग्यात कशी बसवली आहे, यावर सारे अवलंबून. अॅरिझोनातील मोज्यांचा फरक इथेच उलगडतो.

६/ या प्रक्रियांना एवढी मागणी का, याचे एक कारण पॉलिएस्टर. २०१४ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायामानंतर २६ जणांचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरचा वास अधिक उग्र होता आणि मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिएस्टरवर विशेष फोफावले होते.

७/ स्वीडनच्या रसायन नियंत्रण संस्थेनेही जंतुरोधक म्हणून विकली जाणारी वस्त्रे धुऊन पाहिली. १० धुण्यांनंतर काहींतील चांदी १० टक्क्यांच्या आसपास घटली होती, तर काहींतील तब्बल ९८ टक्के. लेबल पाहून हा फरक ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती.

८/ वाहून गेलेली चांदी सांडपाण्यात गंधकाशी संयोग पावते आणि बहुतांश गाळात बसते. अनेक देशांत हा गाळ शेतात खत म्हणून पडतो. म्हणून सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांना मोज्यांची चिंता.

९/ या चिंतेला पूर्वानुभव आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टोजवळ, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या चिखलात, १९७० च्या दशकात मॅकोमा जातीच्या लहान शिंपल्यांमध्ये चांदी आणि तांबे भरमसाट आढळले. शिंपल्यांचे प्रजनन खुंटले होते. धातू येत होते शहराच्या सांडपाण्यातून, आणि त्यातील चांदीचा एक मोठा स्रोत होता छायाचित्रांच्या फिल्म धुण्याचा व्यवसाय. पुढे स्रोतावरच नियंत्रण आले, १९८० च्या दशकात धातूंचे प्रमाण उतरले आणि शिंपले पुन्हा प्रजननक्षम झाले.

१०/ त्या चिखलाचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्यांत सॅम्युएल लुओमा हे शास्त्रज्ञ होते. अॅरिझोनात मोजे पाण्यात हलवले जात होते त्याच २००८ साली लुओमांनी अतिसूक्ष्म चांदीच्या वापरावर अहवाल लिहिला. प्रश्न जुनाच की नवा, हे त्याच्या शीर्षकातच विचारलेले होते.