कार्बन डायऑक्साइड लेसर : पोलादापासून स्वरयंत्रापर्यंत

कार्बन डायऑक्साइड लेसर पोलादाचा पत्रा कापतो, हे भिलाईच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. तोच किरण स्वरतंतूवरची गाठही काढतो. हे कसे साधले ते या टिपणात पाहू.

या लेसरचे जनक सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. तेव्हाच्या वायू-लेसरमध्ये अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या वापरल्या जात. पटेलांनी रेणूंच्या कंपनांकडे लक्ष वळवले. १९६४ मध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइडपासून मिळालेली शक्ती अगदीच अल्प होती. नायट्रोजन मिसळल्यावर चित्र पालटले. विद्युत विसर्जनात नायट्रोजनचे रेणू कंप पावतात आणि टक्करीतून ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात, कारण दोघांच्या पातळ्या जवळजवळ सारख्या आहेत. पुढे हेलियमही मिसळला गेला आणि १९६५ मध्ये अखंड शक्ती १०० वॅटच्या पुढे गेली.

या संशोधनामागे शस्त्रक्रियेचा हेतू नव्हता. पण या लेसरची १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबी पाणी फार जोराने शोषते, आणि मऊ ऊतींमध्ये मुख्यतः पाणीच असते. त्यामुळे किरण मिलिमीटरच्या काही शतांश खोलीतच संपतो. तेथील पाण्याची वाफ होते, खालची ऊती बहुतांशी शाबूत राहते आणि बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन रक्तस्राव कमी होतो. पोलाद मात्र हा किरण बराचसा परावर्तित करते. म्हणून तेथे किलोवॅट लागतात, तर ऊतीला काही वॅटही पुरतात.

अडचण होती किरण नेण्याची. काचही तो शोषते, त्यामुळे नेहमीचे काचतंतू निरुपयोगी ठरले. सांध्यासांध्यांत आरसे बसवलेल्या यांत्रिक हाताने किरण शस्त्रक्रियेच्या जागी आणला गेला. बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको या शल्यचिकित्सकांनी तो सूक्ष्मदर्शकाला जोडून स्वरयंत्रावर वापरला आणि आपले अनुभव १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

येथे एक गंभीर धोका असतो. रुग्णाच्या श्वासनलिकेतील नळीवर किरण पडला, तर तिच्यातून जाणाऱ्या प्राणवायूमुळे आग भडकू शकते. म्हणून विशेष नळ्या वापरतात आणि आसपासच्या भागावर ओला कापूस ठेवतात. ऊतीतले पाणी किरण शोषते म्हणून ती कापली जाते. कापसातले पाणी तोच किरण अडवते. उपाय आणि धोका समजून घ्यायला शोषणाचे एकच तत्त्व पुरते.