लूनर ऑर्बिटर

लूनर ऑर्बिटर : चंद्राभोवती फिरत त्याच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेणारी अमेरिकेची पाच मानवरहित अवकाशयाने. ऑगस्ट 1966 ते ऑगस्ट 1967 या काळात ती अ‍ॅटलास-अजेना अग्निबाणांनी सोडण्यात आली. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना उतरण्यासाठी निर्धोक जागा शोधणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. कार्यक्रमाचे व्यवस्थापन नासाच्या लँग्ली संशोधन केंद्राकडे होते. याने बोइंगने, तर छायाचित्रण यंत्रणा ईस्टमन कोडॅकने तयार केली.

पार्श्वभूमी : चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूची पहिली छायाचित्रे सोव्हिएत संघाच्या ल्यूना-3 या यानाने ऑक्टोबर 1959 मध्ये घेतली, ती अस्पष्ट होती. अमेरिकेची रेंजर याने चंद्रावर आदळेपर्यंत चित्रे पाठवीत. रेंजर-7 ने 31 जुलै 1964 रोजी अशी चार हजारांवर चित्रे पाठविली. 1966 मध्ये ल्यूना-9 व सर्व्हेअर-1 ही याने चंद्रावर अलगद उतरली आणि त्यांनी सभोवतालची जमीन दाखविली. तथापि या सर्वांतून स्पष्ट दिसणारा प्रदेश लहान होता. यानाला धोकादायक ठरणारे खड्डे, खडक व उतार विस्तृत क्षेत्रावर तपासायचे, तर कक्षेतूनच छायाचित्रण करणे भाग होते.

रचना व कार्य : यानाचे वस्तुमान सुमारे 385 किग्रॅ. होते. सूर्य व अगस्त्य तारा यांच्या आधारे ते आपली दिशा राखी. त्या काळच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतून हवा तितका तपशील कक्षेतून मिळत नसे. म्हणून 70 मिमी. रुंदीची फिल्म वापरण्यात आली. 80 मिमी. व 610 मिमी. केंद्रांतराची दोन भिंगे एकाच वेळी अनुक्रमे विस्तृत व तपशीलवार चित्र घेत. सुमारे 46 किमी. उंचीवरून मोठ्या भिंगातून 1 मी. आकाराचे तपशील ओळखता येत. प्रारणामुळे खराब होऊ नये म्हणून फिल्म मुद्दाम कमी संवेदनशील निवडली होती. त्यामुळे प्रकाशन जास्त वेळ द्यावे लागे आणि तेवढ्यात यान पुढे सरकून चित्र फरफटण्याचा संभव असे. तो टाळण्यासाठी यानाचा वेग व उंची यांच्या गुणोत्तरानुसार फिल्मही किंचित सरकविली जाई.

फिल्म यानातच धुतली जाई. रासायनिक द्रवात भिजविलेली जिलेटिनयुक्त पट्टी तिच्यावर दाबली, की विकासन व स्थिरीकरण ही दोन्ही कामे एकदम होत. नंतर प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका फिल्मवरून अरुंद पट्ट्यांत फिरवून तिच्या पारदर्शकतेतील फरक विद्युत् संकेतांत बदलला जाई. गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिदजवळील व वूमेरा (ऑस्ट्रेलिया) या केंद्रांत हे संकेत ग्रहण करून पट्ट्या पुन्हा जुळविल्या जात. या छायाचित्रांवर दिसणाऱ्या समांतर रेषा म्हणजे त्याच पट्ट्यांचे सांधे होत.

मोहिमा : लूनर ऑर्बिटर-1 हे 14 ऑगस्ट 1966 रोजी चंद्राच्या कक्षेत शिरले. मोठ्या भिंगाच्या झडपेचा मेळ बिघडल्याने त्याची बरीच तपशीलवार चित्रे पुसट आली. मात्र 23 ऑगस्ट रोजी त्याने चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे छायाचित्र घेतले. चंद्राच्या परिसरातून टिपलेले पृथ्वीचे ते पहिले चित्र होय. दुसऱ्या यानाने नोव्हेंबर 1966 मध्ये तिरप्या कोनातून घेतलेल्या कोपर्निकस विवराच्या छायाचित्राने तेथील डोंगर व उतार प्रथमच उठावाने दिसले. फेब्रुवारी 1967 मध्ये सोडलेल्या तिसऱ्या यानाच्या छायाचित्रांत चंद्रावर उभे असलेले सर्व्हेअर-1 ओळखता आले. पुढे फिल्म सरकविणारी मोटर जळाल्यामुळे त्याची काही चित्रे मिळू शकली नाहीत.

अपोलोसाठी लागणारे काम पहिल्या तीन यानांनीच साधल्याने उरलेली दोन वैज्ञानिक सर्वेक्षणासाठी ध्रुवीय कक्षांत पाठविण्यात आली. चौथ्याने पृथ्वीकडील जवळजवळ सर्व बाजू टिपली. पाचव्याने पलीकडच्या बाजूचे उरलेले भाग व निवडक वैज्ञानिक स्थळे टिपली.

फलित : पाचही यानांनी मिळून चंद्रपृष्ठाचा सुमारे 99 टक्के भाग 60 मी. किंवा त्याहून सूक्ष्म तपशिलाने टिपला. 1969 मध्ये अपोलो-11 ज्या शांतिसागरात उतरले, तेथील जागा याच छायाचित्रांवरून निवडलेली होती. कक्षेतील यानांच्या गतीत आढळलेल्या लहान फरकांवरून पॉल मुलर व विल्यम स्योग्रेन यांनी 1968 मध्ये चंद्रावरील काही वर्तुळाकार सागरांखाली वस्तुमान एकवटल्याचे दाखविले. चंद्राभोवतीच्या कक्षा अचूक वर्तविण्यासाठी हा शोध मोलाचा ठरला.

मूळ संकेतांच्या चुंबकीय फिती जतन करण्यात आल्या होत्या. 2008 पासून जुनी फीतयंत्रे दुरुस्त करून त्यांतून ही छायाचित्रे अंकीय स्वरूपात नव्याने मिळविण्यात आली. 1960 च्या दशकातील छापील प्रतींपेक्षा त्यांत अधिक तपशील दिसतो.

चौथ्या यानाशी जुलै 1967 मध्ये संपर्क तुटला. पुढील मोहिमांच्या संदेशवहनात अडथळा येऊ नये म्हणून उरलेली चार याने मुद्दाम चंद्रावर आदळविण्यात आली; त्यांपैकी शेवटचे, लूनर ऑर्बिटर-5, हे 31 जानेवारी 1968 रोजी आदळले.